व्याह्यांनी मागितलेला सूर्योदय

हेमांगी साळुंखे आणि डॉ. श्रीरंग उमराणीकर यांची जुंपली नाही असा आठवडा बुध नियंत्रण केंद्रात जात नसे. आणि हेमांगीच्या लेकीनं, ईशानीनं, लग्नासाठी मुलगा पसंत केला, तो नेमका उमराणीकरांचा.

"उमराणीकर?" हेमांगीनं हातातली पोळी तव्यावर टाकली ती तशीच राहिली. "साताऱ्याचे? वडील भूशास्त्रज्ञ?"

"हो," ईशानी म्हणाली.

"उंच, टक्कल पडलेलं, बोलता बोलता समोरच्याचा पेन स्वतःच्या खिशात घालतात?"

"आई, तू त्यांना ओळखतेस हे मला माहीत आहे. सौमित्रलाही माहीत आहे. म्हणून तर आम्ही दोन वर्षं घरात काही बोललो नाही."

पोळी करपल्याचा वास आला तशी प्रतापरावांनी उठून गॅस बंद केला. त्यांची कऱ्हाडला रोपवाटिका होती, आणि बायको घरी आल्यावर त्या उमराणीकरांबद्दल जे काही बोलायची ते सगळं त्यांनी रोज रात्री जेवताना ऐकलेलं होतं. "मुलगा कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"शांत आहे. कुणाशी भांडत नाही."

"मग आईवर गेला असणार," हेमांगी म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. उमराणीकरांची पत्नी सहा वर्षांपूर्वी गेली होती. त्या वेळी सगळं केंद्र साताऱ्याला भेटायला गेलं होतं, त्यात तीही होती. दारात उभा असलेला शिडशिडीत मुलगा तिला आठवला. आलेल्या प्रत्येकाला पाणी देत होता.

"बोलावून घे," ती म्हणाली. "मुलाबद्दल माझं काही म्हणणं नाही."

भांडण होतं ते वाटसरूवरून.

वाटसरू म्हणजे बुध ग्रहावर चालणारी सहा चाकांची गाडी. वर पांढरं छत आणि जिराफासारखी लांब मान. मानेच्या टोकाला कॅमेऱ्याचा डोळा, डोळ्याच्या पाठीशी पृथ्वीशी बोलणारा अँटेना, आणि त्याखाली उन्हावर वीज बनवणारी पाती. ही गाडी कुठून न्यायची, किती वेगानं न्यायची आणि कुठं अजिबात न्यायची नाही, हे ठरवणं हेमांगीचं काम. केंद्र माणदेशात, दहिवडीच्या पुढं उघड्या माळावर होतं. आभाळ बहुतेक कोरडं, आजूबाजूला मेंढरं आणि पवनचक्क्या.

बुधावर उन्हात शिसं वितळतं, आणि रात्री असा गारठा पडतो की यंत्रातल्या वंगणाचा दगड व्हावा. यंत्रानं जगायचं तर ते या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, पहाटेच्या कडेवर. सोय एवढीच, की बुध स्वतःभोवती फार सावकाश फिरतो. तिथल्या एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत आपलं जवळजवळ अर्धं वर्ष जातं. त्यामुळं उत्तरेकडच्या त्या भागात पहाटेची कड, माणूस जेवणानंतर शतपावली करतो तेवढ्याच चालीनं पश्चिमेकडे सरकत असते. तेवढ्याच चालीनं जो पश्चिमेला चालत राहील, त्याच्यासाठी सूर्य कधी पुरता उगवतच नाही. वाटसरू तसा चालत होता. पाठीमागं क्षितिजावर सूर्याची बारीकशी कोर, तिच्या उजेडावर मानेवरची पाती वीज बनवायची, आणि पायाखालची जमीन अजून रात्रीचीच. पृथ्वीवरून दिलेला हुकूम पोचायला सात-आठ मिनिटं लागायची, म्हणून दगडधोंडे चुकवण्याचं काम तो आपल्या डोक्यानं करायचा. थांबला मात्र, तर सूर्य त्याला गाठणार.

आणि उमराणीकरांना सारखं थांबायचं असायचं.

"दहा मिनिटं, साळुंखेबाई. हा दगड बघा, असा दगड कुणी पाहिलेला नाही."

"कालही हेच म्हणालात."

"काल वेगळा दगड होता!"

त्यांचा खरा जीव अडकला होता तो खळग्यांत. वरून फिरणाऱ्या यानांनी फार पूर्वीच बुधावर विचित्र खड्डे टिपले होते. उथळ, बिनकाठाचे, आतून पांढुरके, जणू वाळवीनं लाकूड पोखरावं तशी पोखरलेली जमीन. उमराणीकर समजावून सांगताना कापराचं उदाहरण द्यायचे. कापराची वडी उघडी ठेवली, की पाणी होत नाही, राख होत नाही, नुसती हवेत उडून जाते आणि डबी रिकामी राहते. बुधाच्या जमिनीतही असंच काहीतरी आहे, गंधकाचं असावं. ऊन लागलं की ते उडून जातं आणि वरची जमीन खाली बसते. पण हे पूर्वी कधीतरी घडून थांबलं, की आजही घडतं आहे? ते पाहायचं तर खळग्याच्या काठावर उभं राहून त्याच्या भिंतीवर ऊन पडताना पाहावं लागणार. आणि वाटसरू तर उन्हापासूनच पळत होता.

दोघांच्या भांडणाला फक्त एका काळात सुट्टी असायची. बुधाची कक्षा लंबुळकी आहे. सूर्याच्या अगदी जवळून जाताना तो असा सुसाट धावतो, की त्याचं स्वतःभोवती फिरणं त्या धावण्यापुढं कमी पडतं. मग तिथल्या आभाळात सूर्य थबकतो, आठवडाभर चक्क उलटा सरकतो, आणि पुन्हा आपल्या वाटेला लागतो. दर तीन महिन्यांनी हे व्हायचं. केंद्रात त्याला विसावा म्हणत. वाटसरू आधीच भराभर चालून पश्चिमेला अंधारात जाऊन बसायचा, आणि माणसं रजेवर जायची.

लग्नाची तारीख विसाव्यातलीच धरायची, हे तेवढं मुलांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

बोलणी कऱ्हाडला झाली. पोहे झाले, चहा झाला, कार्यालय साताऱ्याचं ठरलं. उमराणीकर नवा सदरा घालून आले होते आणि कमालीचे गप्प होते. हेमांगीला ते खटकत होतं. शेवटी प्रतापरावांचे थोरले बंधू आबा घसा खाकरून म्हणाले, "आता मुलाकडच्यांचं काही मागणं असेल तर मोकळेपणानं बोला."

"आमचं काही नाही," सौमित्र घाईनं म्हणाला.

"एक आहे," उमराणीकर म्हणाले.

आबांचा चेहरा कडक झाला. ईशानीनं सौमित्रकडे पाहिलं, त्यानं वडिलांकडे.

"मला सूर्योदय हवा आहे," उमराणीकर म्हणाले.

हेमांगीला क्षणात कळलं. "इथं? लग्नाच्या बैठकीत?"

"तिथं तुम्ही ऐकत कुठं? हे बघा, या विसाव्याच्या वेळी वाटसरू नेमका खळग्यांच्या मैदानाशी असणार आहे. त्याला अंधारात पळवू नका. खळग्याच्या काठी उभा करा. सूर्य उगवेल, पण पुरता नाही. बिंबाचा तिसरा हिस्सा वर येईल, थबकेल, आणि परत मावळेल. उगवून परत मावळणारा सूर्य, बाई! भिंतीवर ऊनही पडेल आणि गाडीही वाचेल."

"मावळायला किती दिवस लागतील ते सांगा ना सगळ्यांना."

"थोडे दिवस लागतील."

"तोवर तिचे सांधे भाजून निघतील. पुढच्या फेरीला बघू."

"पुढच्या फेरीपर्यंत चाकं टिकतील याची खात्री नाही, असं तुम्हीच परवाच्या बैठकीत म्हणालात."

ते खरं होतं, त्यामुळं हेमांगीला जास्तच राग आला. "हे बघा, मी मुलगी देतेय. गाडी नाही देणार!"

"गाडी?" इतका वेळ या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघणाऱ्या आबांना अखेर ओळखीचा शब्द सापडला. "चारचाकी मागताहेत का?"

"सहाचाकी," सौमित्र म्हणाला.

प्रतापरावांना हसू आवरेना. पण ईशानी उठून उभी राहिली होती. ती जनावरांची डॉक्टर. उधळलेल्या बैलासमोरही तिचा आवाज चढत नसे. आताही चढला नाही. "आई, काका, हे आमचं लग्न आहे. तुमची कामाची बैठक नाही. तुम्ही दोघं असेच बोलणार असाल तर आम्ही दोघं नोंदणी करून येतो, आणि तुम्हाला फोटो पाठवतो."

उमराणीकरांनी मान खाली घातली. जाताना दारात त्यांनी हेमांगीला हात जोडले. "चुकलं माझं. जागा चुकली." मग जरा थांबून म्हणाले, "पण मागणं चुकलेलं नाही."

पुढचे चार दिवस हेमांगीनं त्यांच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. पण ते मागणं तिच्या डोक्यातून जाईना. तिनं खळग्यांच्या मैदानाचा नकाशा उघडला तो खरं म्हणजे नकार पक्का करण्यासाठी. कुठं जमीन भुसभुशीत, कुठं चढ, कुठं आडोसा नाही, हे एकदा दाखवून दिलं की विषय संपला.

आडोसा मात्र होता. एका मोठ्या खळग्याच्या काठावर घराएवढा दगड एकटाच उभा होता. त्याच्या मागं वाटसरू उभा केला तर अंग सगळं सावलीत राहणार. मान तेवढी वर काढली की डोळा दगडाच्या बाजूनं खळग्यात डोकावू शकेल, आणि खळगा दगडाच्या उत्तरेला असल्यामुळं समोरची तिरकी भिंत नेमकी सूर्याकडे तोंड करून. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. संध्याकाळ होत आली होती, आणि कुंपणाच्या खांबांच्या सावल्या पार माळाच्या टोकापर्यंत गेल्या होत्या. सूर्य इतका खाली असताना त्या दगडाची सावलीही पश्चिमेला अशीच लांबच लांब पडणार. पळायची वेळ आली तर सावलीतूनच वाट मिळणार.

हे आपल्याला सापडायला नको होतं, असं तिला प्रामाणिकपणे वाटलं. नकाशा मिटून टाकला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण सापडलेलं लपवणं तिला जमण्यातलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती केंद्राच्या संचालक फरीदा मुजावर यांच्या खोलीत गेली. उमराणीकर आधीच तिथं कसलीतरी तक्रार घेऊन बसलेले होते.

"मॅडम, खळग्याच्या काठी थांबता येईल असं मला वाटतं," हेमांगी म्हणाली.

उमराणीकरांच्या हातातला पेन खाली पडला. तो फरीदा मॅडमचाच होता.

फरीदा मॅडमनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "हे सोयरीक जमल्यामुळं की हिशेबामुळं?"

"हिशेबामुळं," हेमांगी म्हणाली. "सोयरिकीमुळं मी नाहीच म्हणणार होते."

केंद्राच्या मागच्या माळावर वाटसरूचा जुळा होता, अगदी तसाच, सरावासाठी ठेवलेला. पुढचे पंधरा दिवस हेमांगी आणि उमराणीकर सकाळी उठून त्याच्यामागं फिरत होते. दगडाच्या जागी चुना फासलेली एक जुनी पाण्याची टाकी ठेवली. सूर्याच्या जागी ट्रकवर चढवलेला प्रचंड दिवा. डोक्याला टॉवेल गुंडाळून उमराणीकर टाकीच्या सावलीत पालथे पडायचे आणि ओरडायचे, "मागचं डावं चाक उन्हात येतंय! वीतभर आत घ्या!" मेंढरांमागं आलेल्या बायका कुंपणापाशी थांबून ही मजा बघत.

एकदा दमून दोघं टाकीलाच टेकून बसले. हेमांगीनं डब्यातली भाकरी आणि ठेचा पुढं केला.

"तुम्हाला एवढा कसला ध्यास आहे हो त्या खळग्यांचा?" तिनं विचारलं. आजवर ती त्यांच्याशी पुष्कळ भांडली होती, पण हे कधी विचारलं नव्हतं.

उमराणीकरांनी भाकरीचा तुकडा मोडला. "शिकत होतो तेव्हा पुस्तकात बुधाबद्दल चार ओळी असायच्या. मेलेला ग्रह, जे व्हायचं ते अब्जावधी वर्षांपूर्वी होऊन गेलं. मला ते पटायचं नाही. मग त्या खळग्यांची चित्रं आली. त्यांच्यावर एकही जुना घाव नाही. उल्कांचे व्रण नाहीत. म्हणजे ते अगदी नवे आहेत. कुणास ठाऊक, कालचेच असतील." ते थोडं हसले. "सुलभा म्हणायची, माणसाला एखादी तरी गोष्ट जिवंत आहे हे सिद्ध करायचं असावं. ती गेल्यावर मी जरा जास्तच मागं लागलो असेन. तुम्हाला त्रास झाला."

"झाला," हेमांगी म्हणाली. "ठेचा घ्या अजून."

राहिला तो एकच मुद्दा. दगड हलला, जमीन खचू लागली, तर वाटसरूनं पळायचं, यावर दोघांचं एकमत होतं. आपला हुकूम पोचेपर्यंत फार उशीर झालेला असणार, म्हणून तो नियम आधीच त्याच्या डोक्यात घालून ठेवायचा होता. पण पळताना डोळा कुठं असावा? पळणाऱ्या गाडीनं अँटेना पृथ्वीकडे धरायचा, म्हणजे केंद्राला तिची खबर मिळत राहते. हेमांगीनं तीच शिस्त लावलेली होती. पण डोळा आणि अँटेना एकाच मानेवर. अँटेना पृथ्वीकडे, की डोळा खळग्याकडून फिरला.

"जमीन खचेल तो क्षण म्हणजेच तर सगळं," उमराणीकर म्हणाले. पण या वेळी त्यांनी हट्ट धरला नाही. "ठरवा तुम्ही. गाडी तुमची आहे."

तिनं दोन दिवस घेतले. वाटसरू संकटात असणार आणि आपल्याला त्याचा आवाजसुद्धा येणार नाही, ही कल्पनाच तिला सोसत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं नियम लिहिला आणि उमराणीकरांना बोलावून पडद्यावर दाखवला. पुढची आडोशाची जागा मिळेपर्यंत पळत राहा. डोळा मागं, खळग्यावर. आडोसा मिळाल्यावर मग बोल.

उमराणीकरांनी तो दोनदा वाचला. जाताना तिचा पेन तिच्या टेबलावर नीट ठेवून गेले.

वाटसरू ठरल्या वेळी दगडामागं पोचला आणि मान वर काढून उभा राहिला. मधूनमधून मान फिरवून टिपलेली चित्रं पृथ्वीकडे पाठवायचा. सूर्य उगवू लागला, तोही बुधाच्या चालीनं. पहिल्या दिवशी कोर जरा जाड झाली. दुसऱ्या दिवशी खळग्याच्या भिंतीचा वरचा काठ उजळला, तिसऱ्या दिवशी सगळी भिंत पांढरीशुभ्र झळकू लागली. वाटसरूच्या अंगाचं तापमान मात्र हेमांगीनं सांगितलं होतं तेवढंच राहिलं. भिंतीवर काहीच घडत नव्हतं. ना वाफ, ना धूळ. हळदीच्या दिवशी उमराणीकर दुपारपर्यंत केंद्रातच पडद्यासमोर बसून होते. सौमित्रनं येऊन त्यांना उचलून नेलं.

"नसेल तर नसेल," गाडीत बसताना ते हेमांगीला म्हणाले. "नाही हेसुद्धा उत्तरच असतं." पण चेहरा उतरला होता.

लग्नाच्या दिवशी सकाळी ईशानीच्या अंबाड्यात गजरा माळत असतानाच हेमांगीचा फोन वाजला. फरीदा मॅडम होत्या.

"हेमांगी, दगड कलला. वाटसरू निघालाय. शेवटच्या चित्रात तो दगड खळग्याकडे झुकलेला दिसतोय, त्यानंतर काही नाही."

"मान मागं आहे म्हणून."

"माहीत आहे. दगड पडला असेल तर त्याची सावलीही गेली. म्हणजे तो उघड्यावर आहे."

हेमांगीनं डोळे मिटून नकाशा आठवला. पश्चिमेला एक बुटका उंचवटा होता, त्यामागं सावली. "दीड तासात उंचवट्याशी पोचायला हवा. मी निघते."

"अजिबात निघायचं नाही. इथं येऊन काय करणार? जे करायचं ते तू आधीच त्याला शिकवून ठेवलंयस. लेकीच्या लग्नाला उभी राहा."

ती बाहेर आली तर व्हरांड्यात उमराणीकर. फेटा बांधलेला, पण एका कानावर आलेला. त्यांनाही फोन आला होता. "विहीणबाई," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच वापरला. "माझ्या हट्टापायी—"

"व्याही, मान मागं ठेवायचा नियम मी लिहिला. कुणी जबरदस्ती केली नव्हती." तिनं त्यांचा फेटा सरळ केला. "चला. मुलगा वाट बघतोय."

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. पोरीचा मामा, आत्या, सगळे आपापला सूर लावून गायले. हेमांगी अक्षता टाकत होती, आणि मनात सहा चाकं मोजत होती. आता उतार लागला असेल. आता पाठीवरचं छत तापलं असेल. तोंड पश्चिमेला आणि पाठ सूर्याकडे ठेवून सरळ चालला, तर ते छत सगळं ऊन झेलेल. वळला तर मात्र सांधे गेले. शेवटची अक्षता पडली, वाजंत्री वाजली, ईशानीनं हार घातला, आणि हसून आधी आईकडे पाहिलं. त्या एका क्षणापुरता तरी वाटसरू हेमांगीच्या डोक्यातून गेला.

दीड तास कधीच उलटून गेला होता. फोन गप्प.

तिनं तो प्रतापरावांच्या हातात दिला. "तुमच्याकडे ठेवा. माझ्याजवळ असला तर मी बघत बसेन."

पाहुणे भेटत होते, फोटो निघत होते. मंडपाच्या त्या टोकाला उमराणीकर कुणाशी तरी हसून बोलत होते, पण नजर सारखी प्रतापरावांच्या खिशाकडे जात होती. पंगती उठल्या. शेवटी विहिणीच्या पंगतीची वेळ झाली. ताटांभोवती रांगोळ्या काढलेल्या, मधल्या पाटापुढं समई लावलेली. आणि तिथंच गाडं अडलं. मुलाच्या आत्यानं हळूच विचारलं, "सुलभावहिनी तर नाहीत. मग मधल्या पाटावर कुणाला बसवायचं?"

क्षणभर सगळे चुळबुळले. सौमित्र खाली बघत राहिला.

"विहीण आहे की," उमराणीकर पुढं येत म्हणाले. "ह्या कोण मग? माझ्या मुलाच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणच. बसा हो, विहीणबाई."

"अहो, मी मुलीची आई. आम्ही वाढायचं असतं."

"आज नाही. आज तुम्ही बसायचं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सुलभालाही हेच आवडलं असतं."

हेमांगी पाटावर बसली. ईशानीनं स्वतः तिच्या पानात मीठ, लिंबू, कोशिंबीर वाढली. उमराणीकर शेजारच्या पाटावर बसले. कुणीतरी विहिणीचं गाणं म्हणायला सुरुवात केली, नावं घ्यायचा आग्रह सुरू झाला. आणि गर्दीतून वाट काढत प्रतापराव आले. फोन कानाला लावलेला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला आणि दोघांच्या मधे धरला.

"आला," फरीदा मॅडम म्हणाल्या. एवढंच. पाठीमागं केंद्रातली माणसं ओरडत होती. मग धाप टाकल्यासारख्या पुढं बोलल्या, "पहिल्या उंचवट्याची सावली त्याला अपुरी वाटली. म्हणून पुढच्यापर्यंत गेला शहाणा. सहाही चाकं ठीक आहेत. हेमांगी, पूर्ण वेळ पाठ सूर्याकडे ठेवून चाललाय. चित्र पाठवलंय. दोघांनी मिळून बघा."

चित्र उघडलं. हेमांगीनं पहिल्यांदा खालचा भाग पाहिला. करड्या जमिनीवर चाकांच्या सरळ रेघा होत्या. कुठं वळण नाही, कुठं घसरण नाही. तिनं इतका वेळ आवळून धरलेले खांदे सैल सोडले. मग तिची नजर वर गेली. दगड नव्हता. दगडाच्या जागी जमीन खळग्यात बसली होती, आणि ताज्या तुटलेल्या काठातून पांढऱ्या, चमचमत्या धुळीचे पिसारे काळ्या आभाळात सरळ वर गेले होते. वारा नसल्यामुळं एकही पिसारा वाकलेला नव्हता. उन्हानं त्यांना आरपार उजळून टाकलं होतं.

"घडतंय," उमराणीकर म्हणाले. "आत्ता. आज घडतंय ते."

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, पुन्हा चित्र पाहिलं, पुन्हा पुसले. सौमित्र त्यांच्यामागं गुडघ्यावर बसला आणि खांद्यावर हात ठेवून तोही चित्र बघू लागला. आबा जवळ येऊन वाकले. "हेच का ते मागणं?" त्यांनी विचारलं. "मग द्यायला हवंच होतं की!"

सगळी पंगत हसली. हेमांगीनं उमराणीकरांच्या पानाकडे पाहिलं. वाढलेलं सगळं जसंच्या तसं होतं. सकाळपासून त्यांच्या पोटात काही गेलेलं दिसत नव्हतं. ती मानाच्या पाटावरून उठली. वाढप्याच्या हातातून जिलब्यांचं ताट घेतलं आणि त्यांच्यासमोर वाकली.

"व्याही, आता जेवा," ती म्हणाली, आणि त्यांच्या पानात तीन जिलब्या वाढल्या. मग थोडा विचार करून चौथीही.